ते काय लिहायला लागतं? : वर्कर मशीनला चिठ्ठी लिहू पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी

आई एकदा चार दिवस नाशिकला मावशीकडे गेली, तेव्हा बाबांसाठी फ्रिजवर चिठ्ठी लावून गेली. दूध किती घ्यायचं, कुंड्यांना पाणी कधी घालायचं, आणि तिसऱ्या ओळीत : 'कुकरमध्ये वरणभात लावा, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद.' बाबांचं आयुष्य सरकारी नोकरीत गेलेलं, लेखी आदेशाबाहेर पाऊल नाही. त्यांनी डाळीचं भांडं ठेवलं, तांदळाचं ठेवलं, झाकण लावलं, गॅस पेटवला आणि वर्तमानपत्र घेऊन शिट्टीची वाट बघत बसले. शिट्टी झालीच नाही. वास आला. कुकरच्या तळाला पाणी घालायचं असतं, हे चिठ्ठीत नव्हतं. संध्याकाळी फोनवर ते म्हणाले, "अगं, पाण्याचं तू लिहिलंच नव्हतंस." आई म्हणाली, "अहो, ते काय लिहायला लागतं?"

क्लाउडमधल्या वर्कर मशीनची स्टार्टअप स्क्रिप्ट म्हणजे हीच चिठ्ठी. फरक इतकाच की बाबांनी निदान वास घेतला.

हे मार्गदर्शन अशा नवशिक्यांसाठी आहे ज्यांना सोमवारच्या स्टँडअपमध्ये कुणीतरी "वर्करचं तू बघशील ना?" असं विचारलं आणि ज्यांनी, दुसऱ्या कशाच्या तरी विचारात असताना, मान हलवली. अभिनंदन. मान हलवण्याचा तो क्षण आता परत येणार नाही.

पूर्वतयारी

साहित्य : एक लॅपटॉप, क्लाउडचं एक खातं (कंपनीचं, स्वतःचं कार्ड लावून शिकू नये, का ते पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला कळतं), जुन्या प्रोजेक्टमधली एक चालू स्क्रिप्ट, आणि चहा.

वर्कर म्हणजे मोठ्या कामाचे तुकडे करून वाटून द्यायला आणलेलं भाड्याचं मशीन. रात्रीतून दहा लाख फोटो लहान करायचे आहेत? चाळीस मशीन उभी करा, काम उरकलं की पाडून टाका. सकाळी नाक्यावर जाऊन मजूर आणावेत तसं. पण नाक्यावरचा माणूस आल्याबरोबर विचारतो, "फावडं कुठाय?" हे मशीन विचारत नाही. त्याचा जन्म मिनिटभरापूर्वी झालेला असतो, त्याला फावडं ही वस्तू जगात आहे हेच ठाऊक नसतं.

ॲमेझॉनने अशी मशीन भाड्याने द्यायला २००६ मध्ये सुरुवात केली. तेव्हा भाडं तासावर होतं. २०१७ पासून लिनक्स मशीनचं भाडं सेकंदावर मोजतात, कमीत कमी ६० सेकंद. म्हणजे तुम्ही जेव्हा "जरा थांब, बघते काय झालंय ते" असं म्हणता, तेव्हा मीटर डाउन असतो. आणि 'क्लाउड' या शब्दावरून वर आभाळात बघू नका. ॲमेझॉनचं मुंबई रीजन २०१६ मध्ये सुरू झालं, मायक्रोसॉफ्टचं 'सेंट्रल इंडिया' म्हणतात ते पुण्यात आहे. तुम्ही वाकडच्या पुलाखाली घामाघूम होऊन अडकलेले असता तेव्हा तुमचं मशीन त्याच शहरात कुठेतरी एसीत बसलेलं असू शकतं.

चिठ्ठी मशीनपर्यंत पोचते कशी? मशीन मागवतानाच तुम्ही ती सोबत देता. ॲमेझॉन तिला 'युजर डेटा' म्हणतं, गूगल 'स्टार्टअप स्क्रिप्ट', मायक्रोसॉफ्ट 'कस्टम डेटा'. मशीन डोळे उघडतं तेव्हा आत बहुधा 'क्लाउड-इनिट' नावाचा एक प्रोग्रॅम असतो. ॲमेझॉनवर तो १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर जाऊन विचारतो, "माझ्यासाठी काही ठेवलंय का?" हा पत्ता इंटरनेटवर नाही. ज्या त्या मशीनला तो आतूनच दिसतो. सोसायटीच्या वॉचमनसारखा : प्रत्येक घराचा वॉचमन तोच, पण पाकीट ज्याचं त्याला.

पाकिटाला मात्र मर्यादा आहे. ॲमेझॉनकडे १६ केबी, मायक्रोसॉफ्टकडे ६४, गूगलकडे २५६. स्क्रिप्टमध्ये मराठीतून टिपा लिहायची हौस असेल (मला आहे) तर हेही लक्षात ठेवा की देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रा धरून. हा लेख ॲमेझॉनच्या चिठ्ठीत मावणार नाही. मायक्रोसॉफ्टच्या मावेल.

पायरी पहिली : लिहू नका, उचला

स्वतः कोऱ्या पानापासून लिहायला बसणं हे नवशिकेपणाचं लक्षण. टीमच्या ग्रुपवर विचारा, "वर्करची स्क्रिप्ट आहे का कुणाकडे?" तीन मिळतील. त्यातली 'स्टार्टअप-फायनल-नवीन-२' नावाची उचला. ती दोनशे ओळींची असेल आणि जिने किंवा ज्याने लिहिली, ती व्यक्ती आता कॅनडात असेल. वाचत जा. पहिल्या तीस ओळी कळतील. पुढे एका ठिकाणी 'स्लीप ४५' असं असेल, म्हणजे पंचेचाळीस सेकंद काही करू नको, आणि शेजारी टीप असेल : 'का ते माहीत नाही. काढू नये.'

काढू नका. या ओळीकडे आपण परत येऊ.

पायरी दुसरी : पहिल्या ओळीची पहिली दोन अक्षरं

हॅश आणि उद्गारचिन्ह. पुढे बॅशचा, म्हणजे चिठ्ठीतल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, पत्ता. ही दोन चिन्हं फाइलच्या अगदी सुरुवातीला, चिकटून हवीत. लिनक्स आधी एवढीच दोन अक्षरं बघतं आणि ठरवतं की ही फाइल कुणाच्या हातात द्यायची. नवशिक्या मात्र टापटिपीचा असतो. तो स्क्रिप्ट आपल्या कोडच्या आत छान चार जागा सोडून बसवतो, सगळं एका रेषेत दिसावं म्हणून. त्या चार जागा चिठ्ठीसोबत मशीनपर्यंत जातात. क्लाउड-इनिट बघतं : ही स्क्रिप्टही नाही, आपल्या ओळखीचं दुसरं काही नाही. लॉगमध्ये एका ओळीची कुरकूर करतं आणि चिठ्ठी बाजूला ठेवून पुढच्या कामाला लागतं. कन्सोलवर मशीनपुढे हिरवा ठिपका. आत सामसूम.

याहून इरसाल प्रकार विंडोजवाल्यांचा. तिथे ओळ संपली की एक जास्तीचं, न दिसणारं अक्षर येतं. मग मशीन म्हणतं, 'बॅड इंटरप्रीटर', असा कुणी बॅश आमच्याकडे नाही. तुम्ही बघता, तर बॅशचं स्पेलिंग बरोबर, पत्ता बरोबर. तासभर बघता. तीन जणांना बोलावून दाखवता. कुणालाच काही दिसत नाही, पण मशीनला दिसतं. आमची आजी याला बाहेरची बाधा म्हणाली असती, आणि ती फारशी चुकली नसती. फाइल विंडोजमधून आलेली असते. 'डॉस-टू-युनिक्स' नावाचा एका शब्दाचा उतारा आहे, त्याने उतरते.

पायरी तिसरी : चिठ्ठी वाचणारा कोण आहे ते ओळखा

तो रूट आहे. सर्वाधिकारी. त्याला कुणाची परवानगी लागत नाही आणि म्हणून त्याला कुणी अडवतही नाही. पण त्याच्या भोवती तुमचं काहीही नसतं. लॅपटॉपवर स्क्रिप्ट चालते, कारण तिथे तीन वर्षांत साठत गेलेलं सगळं हाताशी असतं : कुठला प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरात ते ठाऊक आहे, गिटहबची चावी आहे, कधीतरी टाकलेली आणि विसरलेली लायब्ररी आहे. मिसळणाचा डबा ओट्यावरच असावा तसं. नव्या मशीनच्या स्वयंपाकघरात ओटा आहे, बास. 'फोडणी द्या' असं लिहिलंत तर आधी मोहरी म्हणजे काय इथपासून सुरुवात.

रूटने केलेल्या सगळ्या फाइली रूटच्याच मालकीच्या होतात. नंतर तुमचा खरा प्रोग्रॅम साध्या युजरच्या नावाने उठतो आणि स्वतःच्याच फोल्डरापुढे 'परमिशन डिनाइड' म्हणत उभा राहतो. इथे प्रत्येक नवशिक्या एकच उपाय शोधून काढतो, सगळ्यावर ७७७. म्हणजे कुणीही या, वाचा, लिहा, चालवा. एका ओळीत मालकी बदलून देता येते, पण ती ओळ सापडेपर्यंत तुम्हीही ७७७ लावाल. मीही लावलं होतं.

पायरी चौथी : गप्प राहणाऱ्या चाळीस मशीनची गोष्ट

इथे जरा बसू या.

आधीच्या एका कंपनीत होते तेव्हाची गोष्ट. शुक्रवारी संध्याकाळी चाळीस वर्कर उभे करायचे होते, सोमवारी सकाळी निकाल हवा होता. स्क्रिप्ट माझी. लॅपटॉपवर चालवून बघितलेली, एका मशीनवर हाताने आत शिरून ओळ-ओळ चालवलेली. सगळं झकास. चाळीस सोडली. लॉगची शेवटची ओळ बघितली, 'सेटअप यशस्वी'. दुसरं मशीन, 'सेटअप यशस्वी'. तिसरं बघितलं नाही, घरी जाऊन पिठलं-भात खाल्ला आणि झोपले.

सकाळी रांगेत कामं किती उरली ते बघितलं. रात्री जेवढी होती तेवढीच. एकही कमी नाही.

झालं होतं असं. पॅकेज बसवण्याची आज्ञा, ती 'ॲप्ट'वाली, काम सुरू करण्याआधी विचारते : 'पुढे जायचं का? होय / नाही.' हाताने चालवताना मी दर वेळी होय दाबलं होतं. इतक्यांदा दाबलं होतं की दाबते आहे हेच लक्षात राहिलं नव्हतं. चाळीस मशीनवर तो प्रश्न विचारला गेला तेव्हा समोर कुणीच नव्हतं. शांतता. ॲप्टने शांततेचा अर्थ नकार असा घेतला (जी शहाणी गोष्ट आहे, माणसंही शिकतील तर बरं), 'अबॉर्ट' लिहिलं आणि मागे सरली. आज्ञेत वजा-वाय एवढी दोन अक्षरं असती, तर विचारलंच नसतं.

पण खरी गंमत पुढे आहे. एक ओळ फसली म्हणून बॅश थांबत नाही. ते लग्नातल्या आचाऱ्यासारखं असतं, नवरदेवाची गाडी घाटात बंद पडली तरी पंगत वाढायला घेणार. पॅकेज बसलं नाही, पुढची ओळ. पॅकेज नाही म्हणून प्रोग्रॅम उठला नाही, पुढची ओळ. आणि शेवटची ओळ काय होती? 'सेटअप यशस्वी' असं छाप. मीच लिहिलेली. बॅशने ती इमानेइतबारे छापली, चाळीस वेळा.

"मग रात्रभर ती मशीन करत काय होती?" मॅनेजरने विचारलं.

"चालू होती," मी म्हणाले. बिलातही तेच लिहून आलं.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक स्क्रिप्टची दुसरी ओळ 'सेट वजा-ई' असते : एकही आज्ञा फसली तर तिथेच मर. (पाइपने जोडलेल्या आज्ञांसाठी 'पाइपफेल' वेगळं लावावं लागतं, नाहीतर साखळीतली शेवटची कडी पास झाली की बाकीच्या नापास कड्या झाकल्या जातात.) मेलेलं मशीन दिसतं तरी. हसतमुख उभं राहून काहीच न करणारं मशीन आणि तसाच सहकारी, दोन्ही ओळखायला महिने जातात.

पायरी पाचवी : बारसं की आंघोळ?

ॲमेझॉनवर चिठ्ठी वाचली जाते ती मशीनच्या जन्मानंतर एकदाच. ते बारसं आहे. मशीन रीस्टार्ट केलं तर पुन्हा कुणी पाळण्यात घालत नाही. गूगलवर स्टार्टअप स्क्रिप्ट प्रत्येक बूटला चालते. ती आंघोळ आहे. एकीकडून दुसरीकडे स्क्रिप्ट नेताना हा फरक कुणी सांगत नाही, कारण ते काय सांगायला लागतं?

बारशाच्या सवयीने लिहिलेली स्क्रिप्ट आंघोळीला लावली की काय होतं ते मी एका कॉन्फिग फाइलमध्ये पाहिलं आहे. 'ही ओळ फाइलच्या शेवटी जोड' अशी आज्ञा होती. मशीन रोज रात्री बंद, रोज सकाळी सुरू. महिन्याभराने फाइल उघडली तर तीच ओळ एकाखाली एक, शाळेत शिक्षा म्हणून लिहायला लावावी तशी. म्हणून लिहिताना 'जोड' म्हणू नका, 'नसेल तर जोड' म्हणा. फोल्डर 'कर' नको, 'नसेल तर कर'. कितीही वेळा चालवली तरी परिणाम एकदाच चालवल्यासारखा, याला या धंद्यात मोठं इंग्रजी नाव आहे. आमच्याकडे देवापुढचा दिवा लावताना आई हेच करते : बघते, तेवत असेल तर फक्त वात सारते.

पायरी सहावी : पासवर्ड चिठ्ठीत लिहा आणि बघा

लिहू नका. पण लिहाल, कारण डेटाबेसचा पासवर्ड मशीनला कुठून तरी मिळायला हवा आणि चिठ्ठी समोरच आहे. आता आठवा, ती चिठ्ठी वॉचमनकडे आहे. मशीनवर चालणारा कुठलाही प्रोग्रॅम, कुठल्याही युजरचा, त्या १६९ वाल्या पत्त्यावर जाऊन ती वाचू शकतो. वॉचमनच्या त्याच खिडकीवर मशीनला दिलेल्या तात्पुरत्या चाव्याही मिळतात. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेचा डेटा फुटला, अमेरिकेतल्या सुमारे दहा कोटी लोकांची माहिती गेली, तेव्हा चोराने बाहेर राहून बँकेच्याच एका मशीनला त्या खिडकीवर पाठवलं आणि चाव्या मागवून घेतल्या. त्याच वर्षी ॲमेझॉनने खिडकीवर आधी टोकन घ्या, मग बोला, अशी सोय आणली. सोय आहे, पण सक्ती चालू आहे की नाही ते तुम्हीच बघायचं.

पासवर्ड ठेवायला वेगळ्या तिजोऱ्या मिळतात. चिठ्ठीत फक्त 'अमक्या तिजोरीतून घे' एवढं लिहायचं. आणि चुका शोधताना 'सेट वजा-एक्स' लावाल, ज्याने प्रत्येक ओळ चालण्याआधी लॉगमध्ये छापली जाते, तेव्हा तिजोरीतून काढलेला पासवर्डही तिथे ठसठशीत छापला जाईल. हे मी ऐकीव सांगत नाही.

पायरी सातवी : आता हे सगळं कोडमध्ये

इथपर्यंत कन्सोलवर टिचक्या मारून झालं. पण चाळीस मशीन टिचक्या मारून कोण उभी करणार? म्हणून टेराफॉर्म. २०१४ पासूनचं हे हत्यार : कुठलं मशीन, केवढं, कुठल्या रीजनमध्ये, कुठल्या चिठ्ठीसकट, सगळं फाइलमध्ये लिहून ठेवायचं आणि 'अप्लाय' म्हणायचं. फायदा असा की सहा महिन्यांनी कुणी काय बदललं ते कळतं. तोटाही तोच.

पहिली ठेच डॉलरची. बॅशमध्ये व्हेरिएबल लिहितात डॉलर आणि महिरपी कंसात. टेराफॉर्मच्या टेम्प्लेटमध्येही व्हेरिएबल लिहितात डॉलर आणि महिरपी कंसात. एकाच नावाच्या दोन मावश्या असल्यावर हाक मारली की जी जवळ आहे ती "ओ" देते, आणि टेराफॉर्म जवळ आहे. ते तुमचं बॅशचं नाव स्वतःच्या यादीत शोधतं, सापडत नाही आणि आरडाओरडा करतं. बॅशला हाक मारायची असेल तर डॉलर दोनदा लिहायचा. एवढंच. पण हे कळेपर्यंत माझी एक अख्खी दुपार गेली होती, आणि बाहेर ऑफिसच्या गणपतीची आरती चालू होती.

दुसरा प्रकार जास्त खोल आहे. ॲमेझॉनवर तुम्ही चिठ्ठी बदलता, अप्लाय करता. टेराफॉर्म ते एकटं मशीन बंद करतं, नवी चिठ्ठी वॉचमनकडे ठेवतं, मशीन पुन्हा चालू करतं. मशीन उठतं. नवं पाकीट खिडकीवर आहे. पण मशीनचा ओळख-क्रमांक तोच आहे, म्हणजे त्याच्या दृष्टीने बारसं उरकलेलं आहे. ते नवी चिठ्ठी चालवतच नाही. तुम्ही बघता तर अप्लाय यशस्वी, चिठ्ठी नवी, वागणूक जुनी. घरोघरी मातीच्या चुली. 'चिठ्ठी बदलली तर मशीनही नवं कर' असं एक कलम वेगळं लिहावं लागतं, तेव्हा कुठे बदलतं.

आणि मशीनचा ताफा असेल तर लाँच टेम्प्लेट, म्हणजे सगळ्या मशीनचा एकच साचा, चिठ्ठीसकट. त्याची प्रत्येक सुधारणा म्हणजे नवी आवृत्ती. पण 'नेहमीची' म्हणून जी आवृत्ती ठरलेली आहे ती आपोआप पुढे सरकत नाही. तुम्ही आवृत्ती सातपर्यंत पोचता, ताफा अजून पहिल्याच चिठ्ठीने मशीन जन्माला घालतो आहे, आणि तुम्ही सातव्या चिठ्ठीतली चूक शोधता आहात. शोधत राहा. तिथे नाही ती.

पायरी आठवी : डाळ भिजत घाला

चिठ्ठीत 'इंटरनेटवरून हे आण, ते आण, बसव' असं जितकं लिहाल तितकं मशीन उशिरा तयार होणार आणि तितकं दुसऱ्यांच्या मर्जीवर राहणार. २०१६ च्या मार्चमध्ये एका माणसाने 'लेफ्ट-पॅड' नावाचं आपलं जावास्क्रिप्टचं अकरा ओळींचं पॅकेज भांडणापायी काढून घेतलं आणि जगभरातली कितीतरी मोठी सॉफ्टवेअर त्या दिवशी बांधली जाईनात. अकरा ओळी. तुमच्या चिठ्ठीतल्या 'सगळ्यात नवीन आवृत्ती आण' या ओळीमागे असे किती अनोळखी लोक उभे आहेत ते मोजू नका, झोप येणार नाही. फक्त आवृत्तीचा आकडा ठोकून लिहा.

याहून बरा उपाय म्हणजे वेळखाऊ ते सगळं आधीच बसवून मशीनची प्रतिमा, म्हणजे इमेज, तयार ठेवायची. ती बनवायला पॅकरसारखी हत्यारं आहेत. पुरणाला डाळ ऐन वेळी कुणी शिजत घालत नाही, तसं. मग चिठ्ठीत उरतं फक्त त्या दिवसाचं : कुठली रांग, कुठलं गिऱ्हाईक, किती कामं. पाच-सात ओळी.

हे न केल्याची शिक्षा ऑटो-स्केलिंग देतं, म्हणजे मशीन आपोआप वाढवणारी-बदलणारी यंत्रणा. नवं मशीन आलं की ती ठरलेला वेळ थांबते, मग त्याची तब्येत तपासते. कन्सोलमध्ये आधीच भरून आलेला आकडा असतो ३०० सेकंद. तुमच्या चिठ्ठीला लागतात सात मिनिटं. पाच मिनिटांनी तपासणी होते, मशीन अजून पॅकेज बसवतंय, उत्तर देत नाही. आजारी आहे, मारा. दुसरं आणा. पाच मिनिटं. मारा. तिसरं आणा. दुपारी जेवून आलात तर डझनभर मशीन जन्माला येऊन गेलेली असतात आणि एकानेही एक फोटो लहान केलेला नसतो. स्पॉट मशीन घेतली असतील, म्हणजे ॲमेझॉनची शिल्लक पडलेली स्वस्तातली, तर ती गरज पडली की दोन मिनिटांची सूचना देऊन परत नेतात. सात मिनिटं तयार व्हायला आणि दोन मिनिटं आवरायला.

घड्याळाचं एक राहिलं. मशीन बहुधा ग्रिनिचच्या वेळेने जगतं. तुम्ही चिठ्ठीत 'रात्री २ वाजता साफसफाई' लिहिलंत तर ती आपल्याकडे सकाळी साडेसातला होते. पुण्यात तोवर लोक लॉगिन करायला लागलेले असतात, त्यातले दोन तुम्हाला फोन करतात.

पायरी शेवटची : स्लीप ४५

काही बिघडलं तर मशीनच्या आत जा आणि 'वार' फोल्डरातल्या 'लॉग'मध्ये 'क्लाउड-इनिट-आउटपुट' नावाची फाइल उघडा. चिठ्ठी वाचताना मशीन जे जे पुटपुटलं ते सगळं तिथे असतं. बहुतेक नवशिक्यांना ही फाइल तिसऱ्या महिन्यात कळते. तोवर ते मशीन पाडून नवं उभं करतात आणि बघतात आता चालतंय का.

त्या फाइलनेच मला त्या पंचेचाळीस सेकंदांचा उलगडा करून दिला. एकदा धीर करून मी ती ओळ काढली. पाचातली दोन मशीन मेली. लॉगमध्ये : 'लॉक मिळालं नाही.' उबुंटूचं मशीन जन्मल्यावर आपलं आपण सुरक्षेचे अपडेट बसवायला घेतं. तेही ॲप्टच वापरतं, आणि स्वयंपाकघरात एका वेळी एकच बाई. माझी चिठ्ठी आत शिरू बघत होती, आतून कडी होती. कॅनडात गेलेल्या त्या व्यक्तीला हे कळलं नव्हतं, पण थोडं थांबलं की जमतं हे कळलं होतं. आपली निम्मी विद्या याच जातीची आहे.

मग मी ते नीट केलं. 'कडी निघेपर्यंत थांब, जास्तीत जास्त ३०० सेकंद' असं ॲप्टलाच सांगता येतं, ते लिहिलं. पाच मशीनवर चालवलं, पाचही उठली. दहावर चालवलं, दहाही. मग चाळीस सोडायची वेळ आली. शुक्रवार होता. मी स्क्रिप्ट उघडली, स्लीप ४५ परत घातलं आणि शेजारची टीप बदलली : 'का ते आता माहीत आहे. तरी काढू नये.'